गोड म्हणणारे शेजारी

सुरतजवळ भेस्तानला आमच्या गल्लीत लूमवर कापड विणणारा एक कारागीर राहतो. कारखान्याच्या खडखडाटाची सवय असल्याने घरातही ओरडूनच बोलतो, म्हणून त्याचा बेत गल्लीभर सगळ्यांना पाठ आहे. खानदेशातल्या त्याच्या गावात आजवर कोणी द्राक्ष लावलेलं नाही. तिथे त्याला वाइनचा कारखाना काढायचा आहे. गुजरातेत दारूबंदी, म्हणून इथे गच्चीवर रंगाच्या पिंपात नुसता वेल वाढवतो. द्राक्षं गोड निघाली की त्याच वेलाची कलमं गावच्या शेतात लावायची.

यंदा वेल घडांनी लगडला. त्याने घरोघरी वाटीभर द्राक्षं दिली. सगळे म्हणाले, "एकदम गोड!"

मग माझ्याकडे आला. "मावशी, नेऊ ना कलमं गावाला?"

मी एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि थुंकले. "याची वाइन पिऊन बेवडा दारू सोडेल."

"बाकीचे तर गोड म्हणाले!"

"त्यांना फुकट मिळाली."

मी गच्चीवर जाऊन पाहिलं. घड एकमेकांवर दाटले होते. "निम्मे घड लहान असतानाच काढायचे, तरच उरलेल्यांत गोडी उतरते, हे कोणी सांगितलं नाही?"

"नर्सरीवाल्याने सांगितलेलं," तो म्हणाला. "पण मावशी, आम्ही दिवसभर तुटलेला धागा जोडणारी माणसं. चांगला घड तोडवेना."

कलमं नेणं त्याने रद्द केलं. जिना उतरताना म्हणाला, "पुढच्या वर्षी कात्री तुम्ही चालवा. तेवढा वेळ मी खाली रस्त्यावर थांबतो."