पांढऱ्या हातमोज्यांनी लढवलेली सुनावणी

सिस्टर अर्डेला टिलमन यांची ओळख करून द्यावयाची, तर त्यांच्या पांढऱ्या हातमोज्यांपासूनच आरंभ केला पाहिजे. सायकमोर टेकडीवरील आमच्या माउंट नेबो चर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला जागेवर बसवण्याची सेवा त्यांनी तरुणपणापासून केली. त्या जोगीण नव्हेत; आमच्या चर्चमध्ये स्त्रियांना सिस्टर आणि पुरुषांना ब्रदर म्हणतात. उपासना चालू असताना ही सेवा करणाऱ्यांनी बोलावयाचे नसते. सर्व काही हातांच्या खुणांनी चालते. तळहात उंचावला की सर्वांनी उठावयाचे, खाली आला की बसावयाचे. हातमोजे काढले, की उपासना संपली. आठवड्याचे इतर दिवस त्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करीत.

त्यांच्या आईला, काळी म्हणून, अमेरिकेच्या दक्षिणेतील आपल्या गावी कधीही मतदान करू दिले गेले नाही. म्हणून टेकडीवरून आम्हा काळ्या लोकांतील पहिला नगरसेवक निवडून आला, त्या रविवारी त्याच्या आईला पहिल्या रांगेत बसवण्याआधी सिस्टर अर्डेला यांनी ते बाक आपल्या पांढऱ्या हातमोज्याने पुसले होते. मी डीकन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा सेवक, या नात्याने समोरच उभा होतो, म्हणून हे सांगू शकतो.

पुढे शहराच्या प्रभागरचनेचा नवा नकाशा निघाला. त्यात आमच्या टेकडीचे तीन तुकडे केलेले होते, आणि प्रत्येक तुकडा पायथ्याच्या एकेका मोठ्या गोऱ्या वस्तीला जोडला होता. तसे झाले असते, तर आमचा नगरसेवक पुन्हा निवडून येणे अशक्य होते.

हरकती ऐकण्यासाठी दोन जाहीर सुनावण्या ठेवल्या होत्या. पहिल्या सुनावणीत आमचे पास्टर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बोलण्यास उभे राहिले, आणि आमच्या लोकांनी सवयीप्रमाणे साथ दिली. "खरंय!" "बोला, पास्टर, बोला!" आमच्यात बोलणाऱ्याचे गप्प राहून ऐकणे, हा त्याचा अपमान समजला जातो. प्रभागरचना समितीचे अध्यक्ष लिंडक्विस्ट यांना मात्र तो दंगा वाटला. त्यांनी हातोडी आपटली आणि सुनावणी तिथेच बंद केली.

नंतर चर्चच्या पायऱ्यांवर सर्वजण चिडून उभे होते.

"आता काय, तोंडाला पट्ट्या लावून जायचं?" आमचे धिप्पाड ब्रदर क्लीओफस म्हणाले.

"तुझ्या तोंडाएवढी पट्टी कुठल्या दुकानात मिळायची?" सिस्टर अर्डेला म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी बोलते. तुम्ही फक्त माझ्या हातांकडे बघा."

"अहो सिस्टर, तिथं जाऊन तुम्ही करणार काय? लोकांना बसवणार?" क्लीओफस यांनी विचारले.

"हो. मला तेच येतं."

दुसऱ्या सुनावणीस त्या हातमोजे घालूनच ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. सभागृहात खुर्च्यांचे तीन भाग होते. मधल्या भागात आमची टेकडी बसली होती. दोन्ही बाजूंना आणि मागच्या रांगांत पायथ्याच्या वस्त्यांतील लोक होते.

"बोला, बाई," अध्यक्ष म्हणाले. "पण टाळ्या नकोत, आरडाओरडा नको."

"नाही हो साहेब. आमच्या माणसांनी जागा बदलली तर चालेल ना?"

"जागा बदलायला कोण नको म्हणतंय?"

"आभारी आहे. मग तुमच्या नकाशाप्रमाणं बसवते."

त्यांनी तळहात उंचावला. सारी टेकडी एकदम उठली. मग आधी ठरलेल्या खुणांप्रमाणे त्यांची बोटे एकेका रस्त्यासाठी फिरू लागली. टेकडीवरून जाणाऱ्या लार्किन रस्त्याच्या पश्चिमेकडील लोक डावीकडे गेले, पूर्वेकडील उजवीकडे आणि गिरणीमागच्या गल्ल्यांतले थेट शेवटच्या रांगांत. चर्चचा गायकवृंद तीन ठिकाणी विखुरला. त्या रस्त्यावर समोरासमोरच्या घरांत राहणाऱ्या मिल्ड्रेड आणि मेव्हिस या वृद्ध जुळ्या बहिणींनी एकमेकींचा हात सोडला. पास्टर एका टोकाला पडले आणि चर्चच्या शेजारी राहणारे दुसऱ्या टोकाला. कोणीही चकार शब्द काढला नाही. पायथ्याची काही माणसे आपण होऊन सरकली व त्यांनी जागा दिली.

"साहेब," सिस्टर अर्डेला म्हणाल्या, "मघाशी आम्ही मधे एकत्र बसलो होतो. तेव्हा हात वर केले असते, तर तुम्हाला दिसले असते. आता बघा."

त्यांनी खूण केली. आमचे हात वर गेले. कुठे एक, कुठे दोन, इतक्या डोक्यांमधून ते शोधावे लागत होते.

"दिसतंय का काही? मला तर आमचा क्लीओफससुद्धा दिसत नाही, आणि तो केवढा आहे ते तुम्ही मघाशी बघितलंच आहे."

समितीच्या सदस्य डनलेव्ही बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "अध्यक्षमहोदय, एकत्र नांदणारी वस्ती तोडायची नाही, हा नियम आपणच केला आहे. समोर काय बसलंय ते मी बघितलं. मी या नकाशाला मत देणार नाही."

अध्यक्षांनी तेथेच मतदान घेतले. नकाशाच्या बाजूने त्यांचा एकट्याचाच हात वर झाला. टेकडी एकाच प्रभागात राहील, असा ठराव त्यांनी स्वतःच वाचून दाखवला.

तरीही सभागृहात शांतता होती. आम्ही सर्वजण अध्यक्षांकडे नव्हे, सिस्टर अर्डेला यांच्याकडे पाहत होतो.

त्यांनी उजवा हातमोजा काढला. मग डावा काढला. दोन्ही घडी करून पर्समध्ये ठेवले.

त्यानंतर जो जयघोष झाला, त्याने खिडक्यांची तावदाने हादरली. लिंडक्विस्ट यांनी हातोडी उचलली, क्षणभर धरली आणि हळूच खाली ठेवली. सिस्टर अर्डेला यांचे तिकडे लक्षही नव्हते. मिल्ड्रेडचा हात धरून, तिला मेव्हिसच्या शेजारी बसवण्यासाठी त्या गर्दीतून वाट काढीत होत्या.