उरलेल्या गोळ्या

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाची काजं करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. नवरा लवकर गेला. त्याच मशिनवर तिने लेकीला वाढवलं, आणि शेवटी शेजारच्या मशिनवर बटणं लावायला बसवलं.

त्या हॉलमध्ये बायका पाणी पीत नसत. संडास एकच, जिन्याखाली. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागितली की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "पुन्हा? घरून विहीर पिऊन आलीस काय?" त्यापेक्षा तहान परवडली. मग आज हिला, उद्या तिला उन्हाळी लागायची. लघवीला आग, ओटीपोटात कळ, अंगात कणकण.

काजवालीने त्यावर तोडगा काढला होता. दोऱ्यांच्या कपाटात तिचा एक बिस्किटांचा डबा असे. कुणाला डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं की तिने बरं वाटेपर्यंत घ्यायचं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायच्या. पुढे जिला लागेल तिने त्यातून उचलायच्या.

"आग विझली तरी पाणी ओतत बसायचं का?" काजवाली म्हणायची. "गोळ्या आहेत, दूध नव्हे नासायला."

बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवत. ती मनातून खूश व्हायची. उभ्या जन्मात कुणी तिला दुसरी पदवी दिली नव्हती.

लेकीलाही ती त्याच डब्यातून द्यायची. कधी दोन, कधी चार. लेकीचं लग्न झालं, दिवस गेले, तेव्हा विहीणबाईंनी बजावलं, "आता कारखाना पुरे."

"माझ्या डोळ्यांसमोर असते की ती," काजवाली म्हणाली. "मी काय मेलेय?"

लेकीला उन्हाळी लागली. आईने गोळ्या दिल्या. आग थांबली. थोड्या दिवसांनी पुन्हा लागली. पुन्हा दिल्या. तिसऱ्या वेळी हुडहुडी भरून ताप चढला, पाठीत कळा आल्या आणि लेक मशिनवरच कोसळली.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती. तिने काजवालीला आणि धावत आलेल्या विहीणबाईंना खाटेशेजारीच बाजूला घेतलं.

"जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. लघवी तपासायला पाठवलीय, पण कुठलं औषध लागू पडेल ते कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर मला अंदाजाने द्यावं लागेल. म्हणून नीट आठवून सांगा. इतक्यात हिने काही अँटिबायोटिक्स घेतली होती?"

काजवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. विहीणबाई तिच्याकडे बघत होत्या.

"नाही."

"नक्की?"

"अहो, आमच्याकडे डोकं दुखलं तरी कुणी गोळी घेत नाही."

खाटेवर लेकीचे डोळे उघडे होते. तिने आईचं बोलणं ऐकलं. तापाने तिची जीभ उचलत नव्हती.

डॉक्टरिणीने नेहमीचं औषध सुरू केलं. ताप उतरेना. तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत पोटातलं मूल गेलं होतं. मग औषध बदललं आणि लेक वाचली.

"असं कसं हो झालं?" काजवालीने डॉक्टरिणीला गाठून विचारलं. विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"या जंतूंच्या जनुकांतच औषध मोडून टाकायची कला आहे. औषध दिलं की साधे जंतू मरतात. हे उरतात, आणि त्यांचीच पैदास वाढते. वर ती जनुकं शेजारच्या जंतूंनाही देऊन टाकतात."

"एकमेकांना देतात?"

"हातोहात. आधी गोळ्या घेतल्याचं कळलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी दुसरं औषध निवडलं असतं. पण तुम्ही तरी काय करणार? तिने काही घेतलंच नव्हतं."

काजवालीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर डबा रिकामा केला. "यातलं काही घेऊ नका गं. डॉक्टरकडे जा. सांगतील तेवढं पुरं घ्या."

"वा, डॉक्टरीणबाई!" कॉलर शिवणारी म्हणाली. "लेकीची गरज होती तोवर डबा होता. आता आमची वेळ आली तर ज्ञान?"

कुणी हसलं नाही. काजवालीने रिकामा डबा कपाटात परत ठेवला. खरं कारण तिला सांगता येणार नव्हतं.

लेकीला घरी सोडायच्या दिवशी ती सकाळपासून इस्पितळात होती. घरी खाट खिडकीपाशी ओढून ठेवली होती. कामावर रजा सांगितली होती. लेकीची पिशवी भरून ती म्हणाली, "चल, रिक्षा थांबलीय."

"मी सासूबाईंकडे जाते," लेक म्हणाली.

"अगं, अशा वेळी आईपाशी राहावं." काजवालीने आवाज खाली आणला. "त्या येताजाता बोलतील तुला. कारखान्यात गेलीस म्हणून झालं म्हणतील."

"म्हणू देत. त्या निदान खरं बोलतील."

विहीणबाई दारातून आत आल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी काजवालीच्या हातातून पिशवी घेतली आणि सुनेला आधार दिला.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तुमचाही खाडा वाचला."