तीन, चार आणि पाच कुणी म्हटलंच नाही

आधीच सांगते, असले गूढ अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलेय आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात हसलेही आहे. त्यात माझं काम ऑडिटचं... म्हणजे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. तरी हे लिहितेय, कारण वर्ष होऊन गेलं आणि मला याचा छडा लागलेला नाही.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. विणकरांचं घर – घरात तेलुगू, दारात मराठी. बारावीनंतर पुण्यातल्या एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये डिग्री अप्रेंटिस म्हणून लागले. सोमवार ते शुक्रवार फर्मचं काम, शनिवारी कॉलेज, तीन वर्षांनी बी.कॉम. आणि जमलं तर तिथंच कायमची नोकरी. ऐकायला झकास आहे, पण दर सहा महिन्यांनी रिव्ह्यू असतो आणि लागोपाठ दोन खराब गेले की नारळ. फर्म सुटली की डिग्रीही सुटली. माझा एक खराब गेला होता. शेरा होता, 'कामात फार संथ'. खोटं कशाला बोलू, होतेच मी संथ. बाकीचे गुणाकार करून मोकळे व्हायचे आणि मी एकेक वस्तू मोजत बसायचे... तेही तेलुगूत, पुटपुटत. ऑफिसात त्यावरून माझी भरपूर चेष्टा व्हायची.

ही सवय अम्माची, म्हणजे माझ्या आईची. कारखान्यातून येणाऱ्या टॉवेलच्या घड्या घालण्यात तिचं आयुष्य गेलं. चळत समोर ठेवून ती कडेवरून बोट फिरवत मोठ्यानं मोजायची आणि ज्या पीसमध्ये दोष असेल त्याचा आकडाच तोंडानं घ्यायची नाही. ओकटि, रेंडु... गप्प... नालुगु. एक, दोन, मग एकदम चार. की समोर बसून मी तिसरा पीस ओढून काढायचा. तीन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पार गेला. आता ती मोबाइलवर टाइप करते नाहीतर हातवारे करते. तिच्या आवाजाची मला किती आठवण येते, हे मी तिलाही कधी सांगितलेलं नाही.

तर, दुसऱ्या रिव्ह्यूच्या आधीचं शेवटचं काम नेमकं सोलापुरात निघालं. एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मालाची मोजणी. बरोबर माझा सीनियर मयूर. माणूस चांगला, पण त्याला दुपारची पुण्याची गाडी पकडायची होती. कारखान्याला सुट्टी, माग बंद, कामगार नाहीत. गोदामात आम्ही दोघं आणि गोदाम सांभाळणारे शिवप्पाकाका, बस. बाराचं ऊन, वर पत्रा... सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

शेवटची थप्पी भिंतीला लागून होती. रुंदीला दहा गठ्ठे, उंचीला पाच, एकामागे एक सहा ओळी. "दहा पंचे पन्नास, गुणिले सहा, तीनशे," मयूर म्हणाला. "लिही, निघू."

ओळी खरंच सहा आहेत का ते बघायला मी थप्पीच्या बाजूला गेले. सवयीनं पुटपुटले – ओकटि. आणि थप्पीच्या आतून कुणीतरी माझ्याबरोबर म्हटलं, ओकटि. बाईचा आवाज. मी रेंडु म्हटलं, आतूनही रेंडु. मग आतून काहीच नाही... तीन आकडे जातील एवढा वेळ. आणि मग स्पष्ट – आरु. सहा.

मी परत मोजलं. परत तसंच. तिसऱ्या वेळी मी तोंड बंद ठेवून नुसतं बोट फिरवलं, तरी आवाज आला. तो आवाज अम्माचा होता. ऑपरेशनच्या आधीचा. जरा घोगरा, शेवटचा आकडा ओढून म्हणणारा.

मयूरला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, मधल्या तीन ओळी उघडून बघायच्यात. तो वैतागला.

"बाजूनं सहा दिसतायत ना? परवा तुझा रिव्ह्यू आहे. मला परत तेच लिहायला लावू नकोस."

धमकी नव्हती ती, खरंच होतं. आत सगळं भरलेलं निघालं असतं तर माझा कारभार आटोपला होता. आणि कारण तरी काय सांगणार? पण गप्प आकडा म्हणजे पीस ओढायचा, एवढं मला लहानपणापासून माहीत.

"उघडल्याशिवाय मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"वरनं बी भरलेलंच दिसतंय की, म्याडम," शिवप्पाकाका म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मग स्वतःच शिडी घेऊन आले. तिसऱ्या ओळीतला वरचा गठ्ठा सरकवला, तर खाली फळी. फळी उचलली, तर खाली अंधार. तिसरी, चौथी, पाचवी ओळ नुसती कडेला आणि वर रचलेली. आत एक माणूस पाय पसरून झोपेल एवढी पोकळी!

मयूरनं मोबाइलचा टॉर्च आत धरून चारी बाजूंना फिरवला. मग म्हणाला, "गाडी जाऊ दे. तू मोज, मी लिहितो." पुढचे तीन तास मी त्या गोदामातला गठ्ठा न् गठ्ठा मोजला, खुशाल तेलुगूत, मोठ्यानं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रिव्ह्यूत मयूरनं एकच ओळ लिहिली – 'हिला मोजू द्या.' गेल्या महिन्यात डिग्री आणि कायम झाल्याचं पत्र एकाच आठवड्यात हातात पडलं. आता नव्या अप्रेंटिसना मोजणी मी शिकवते. गुणाकार करा बापडे, पण आधी आत हात घालून बघा.

आता छडा लावायचा म्हणाल तर... शिवप्पाकाका? ते कन्नड बोलणारे, आणि बाईच्या आवाजात मोजतील कशाला? माझ्या मनाचे खेळ? असतील. पण माझ्या मनाला तरी आतली पोकळी कुठून माहीत?

आणि हे राहिलंच. त्या संध्याकाळी मी घरी गेले. क्लायंटचं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम, म्हणून फक्त काम चांगलं झालं एवढंच सांगितलं. अम्मा घड्या घालत होती. माझ्याकडे बघून हसली, समोरच्या चळतीवर बोट ठेवलं आणि टकटक केलं. दोनदा. मग बोट हवेत धरून थांबली... आणि मग एकदाच.

मी विचारलं, तुला कसं कळलं? तिनं मोबाइल उचलला, टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

'ऐकू आलं ना तुला?'

यापुढे ती काही सांगत नाही. मीही विचारायचं सोडून दिलंय.