क्रिस्पीनबाबाचं हो की नाही

एर्मेलिंडाचं पाहणीचं काम म्हटलं तर सोपं. वाहाका प्रांताच्या डोंगरात घरोघर जायचं आणि विचारायचं, "गेल्या तीन महिन्यांत तुम्ही स्वतः इंटरनेट वापरलं का?" हाच प्रश्न आणखी बऱ्याच देशांत विचारला जात होता आणि सगळीकडची उत्तरं एकमेकांशी ताडून बघायची होती. म्हणून साहेबांची तंबी होती: एक शब्द इकडचा तिकडे केलास, तर पुढच्या फेरीला घरी बस. आणि घरी बसायला एर्मेलिंडा मुळीच तयार नव्हती. घरी सासू होती.

क्रिस्पीनबाबापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

"मी? छे! मला बटणंच कळत नाहीत," बाबा म्हणाला.

ती टॅबवरच्या 'नाही'वर बोट टेकवणार, एवढ्यात म्हातारा खुलला. "पण काल शिकागोतल्या नातीचे दात पाहिले. दोन आलेत!"

"कुठे पाहिलेत?"

"कुठे म्हणजे? ओफेलियाच्या दुकानात!"

गावात इंटरनेटची तबकडी होती ती एकट्या ओफेलियाकाकूच्या छपरावर. म्हाताऱ्यांचे फोन काकूच लावायची, निरोप काकूच वाचायची आणि उत्तरात पदरची फोडणी घालायची: "अरे लेका, बाप बरा आहे, पण गुडघा दाखवत नाही कोणाला. ओरड जरा!"

एर्मेलिंडा चक्रावली. बोट काकूचं, डोळे बाबाचे. वापरलं कोणी? ती बाबाला घेऊन दुकानात गेली आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

"हं... म्हणजे... हं," साहेब म्हणाले. "बोट काकूचं ना? मग नाही."

"पण साहेब, बोलले तर बाबाच."

"मग हो. थांब, थांब! दुसऱ्या देशात काय धरलंय ते विचारतो." बऱ्याच वेळानं आवाज आला. "तिकडे असलं दुकानच नाही म्हणे."

"मग मी काय करू?"

"बाबालाच विचार. शब्द न बदलता. म्हणेल ते खरं."

एर्मेलिंडानं प्रश्न पुन्हा विचारला, जसाच्या तसा. बाबानं टोपी मागे सारली, डोकं खाजवलं आणि आतल्या बाजूला हाक दिली, "ओफेलिया, काय सांगू गं?"

"हो म्हण! नाही म्हणालास तर उद्यापासून दात बंद!"

"हो," बाबा म्हणाला.

"अहो बाबा, तुम्ही स्वतः सांगा ना!"

"मग आत्ता कोण बोललं? माझं गाढव?"

एर्मेलिंडानं 'हो' दाबलं. शब्द एकही हलला नव्हता, म्हणजे काम शाबूत होतं. पण हे उत्तर नेमकं कोणाचं, ते तिला काही केल्या ठरवता येईना. तिनं मान वर केली. दारातल्या बाकावर आणखी चार म्हाताऱ्या याच प्रश्नासाठी आपली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या, आणि चौघींच्या नजरा काकूवर खिळल्या होत्या.