माहेरच्या मातीसह गेलेले मुनवे

कोपरगावहून एसटी निघाली तेव्हाच मी ठरवले होते, की धाकट्या भावाची, यशवंताची केळबाग वाऱ्याने पडली, ही गोष्ट स्वतः पाहिल्याखेरीज मानायची नाही. वारा आमच्याकडेही झाला होता. आमचे एक झाड हलले नाही.

राहात्याच्या अलीकडे यशवंताचे काळे रान लागते. बाग आडवी झाली होती. घडांसकट उपटलेली झाडे चिखलात कुजत होती. मी एक बुंधा उलटा केला. मुळांवर गाठीच गाठी, आत काळी सड.

"हे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव) आहेत, यशवंता. मुळेच उरली नाहीत, तर झाड उभे कशावर राहील?"

"आप्पा, तुमी कायबी म्हना. रान भारी हाय, पानी तुंबलं, वारं आलं. लेकीच्या, सुनीच्या हलक्या रानात असलं न्हाई व्हायचं."

त्याच्या मागे टेम्पो भरत होता. बागेतले मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्ले) लेकीला धाडण्याची आमच्या घरची रीत आहे, आणि तेही माती न झटकता. माहेरची माती तिच्या रानात मिसळावी म्हणून. त्या ढेकळांतूनच कृमी जातात आणि वाळूसर जमिनीत अधिकच मोकळे पसरतात, हे मी त्याला बजावले.

तो हसला. "मंग लेकीला काय धुवून-पुसून द्यायचं, परक्यावानी?"

मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

संगमनेरच्या अलीकडे, प्रवरेकाठी, सुनीताचे रान. तिने पिठले-भाकरी वाढली. मी आधी फावडे मागितले.

"आल्या-आल्या भांडायला आलाय व्हय, आप्पा?"

"तुझ्या बापाशी भांडून आलोय. टेम्पो उतरवू नकोस."

गेल्या वर्षीच्या मुनव्यांची तिची बाग दुरून हिरवी दिसत होती. मी एका झाडाचे मूळ उकरले. त्याच गाठी. सुनीताने एक गाठ नखाने फोडली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, गाडी माघारी न्या." आणि माझ्याकडे वळून, "ह्ये परत धाडते, आप्पा. पन मागल्या साली आलेली माती रानात मिसळून गेली. ती कशी येचू?"

मी उकरलेल्या मुळावर माती ओढली.

भावकीत आता सांगतात, की मी लेकीकरवी माहेराचा अपमान करवला. हे धादांत खोटे आहे. टेम्पो तिने स्वतः परतवला.

त्या दिवशी परतताना राहात्याला उतरून यशवंताला त्याची चूक ऐकवायची होती. स्टँडवर एसटी थांबली. माझे म्हणणे अक्षरशः खरे ठरले होते, तेही सुनीच्या रानात. मी बसूनच राहिलो.