एक मिली दूध

ताई प्रयोगशाळेत आईच्या दुधातले एक्सोसोम नावाचे अतिसूक्ष्म कण वेगळे काढायची. त्या कणांनी आतड्याची जखम भरते, हे उंदरांच्या पिल्लांत दिसलं होतं. माणसाच्या बाळापर्यंत काम पोचलं नव्हतं.

तिच्या धाकट्या बहिणीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. बाराव्या दिवशी बाळाचं पोट फुगून टणक झालं. आतड्याला सूज होती. डॉक्टरांनी दूध बंद करून सलाइन लावलं.

“ताई, तुझं ते औषध दे ना,” बहीण रडवेली झाली.

त्या कणांची कुपी तर ताईच्याच प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये होती. “अगं, ते अजून औषध झालेलं नाही. उंदराला चाललं म्हणून हिच्यावर करून बघू?”

बहिणीने तोंड फिरवलं. तरी ताई रोज येऊन तिला दूध काढायला मदत करी आणि पुढे बाळाला लागेल म्हणून ते गोठवायला देई. मग काचेतून बाळाकडे बघत उभी राही.

दूध बंद केल्यापासून दहाव्या दिवशी बाळाचं पोट मऊ पडलं. नर्सने नळीतून एक मिली दूध सोडलं. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. बाळाने उलटी केली नाही.

“तीन तासांनी पुन्हा देऊ,” नर्स म्हणाली.

“ताई, खुर्ची ओढ,” बहीण म्हणाली. “मी काही इथून हलत नाही.”