चढाच्या ड्राइव्हवेसाठी ट्रॅक्टर

टेक्सासमधल्या प्लेनोतली माझी टेलिकॉममधली नोकरी गेली, तेव्हा बायकोची रेसिडेन्सी संपत आली होती. ती डॉक्टर. तिच्या व्हिसाची अट अशी होती की शिक्षण संपल्यावर एकतर दोन वर्षं भारतात परत जायचं, नाहीतर जिथे डॉक्टर जायला तयार नसतात अशा गावात तीन वर्षं काम करायचं. तिला मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपिरियरपासून थोडं आत, एका लहानशा हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली. मला तोवर दुसरं काही मिळालं नव्हतं, म्हणून मी तिच्या व्हिसावर गेलो. त्या व्हिसावर राहता येतं, गाडी चालवता येते, घरसुद्धा घेता येतं. फक्त काम करता येत नाही. २००३च्या जुलैत सामानाचा ट्रक भाड्याने घेऊन आम्ही निघालो, तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामा होतो.

घर मी पसंत केलं. चार एकर झाडी, आणि रस्त्यापासून घरापर्यंत खडीचा सहाशे फुटांचा ड्राइव्हवे, मधे एक वळण आणि चांगलाच चढ. घर दाखवणारी बाई म्हणाली, "हिवाळ्यात बर्फ सारायला एखादा प्लाऊवाला ठेवा." जुलैत असलं बोलणं कानावरून जातं.

प्लाऊवाला ठेवला. पिकअपला पुढे पातं लावलेला, स्वभावाने चांगला माणूस, पण सगळ्या गावाचं बर्फ त्याच्याकडे. आमच्याकडे यायला त्याला नऊ वाजत. बायकोला साडेसहाला निघायचं असे. मी पाचपासून फावडं घेऊन गाडीपुढची जागा तरी मोकळी करायचो, पण सहाशे फूट फावड्याने होत नाहीत.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. पेशंटला श्वास घेता येत नव्हता आणि दुसरे डॉक्टर गावाबाहेर अडकले होते. सकाळपासून बर्फ पडत होतं. प्लाऊवाला फोन उचलेना. गाडी गॅरेजमधून निघाली आणि वळणाच्याही अलीकडे रुतली. बायकोने हॉस्पिटलला कळवलं, तर ते म्हणाले, शेरीफच्या ऑफिसची गाडी रस्त्यावर येऊन थांबेल, तिथपर्यंत या. आम्ही चालत निघालो. मी पुढे, तिची बॅग माझ्या पाठीवर, मांडीपर्यंत बर्फ. मी पाय रोवून खड्डा करायचा आणि त्याच खड्ड्यात तिने पाय टाकायचा. मधे ती एकदा पडली आणि उठली. रस्त्यावर गाडी उभी होती. आत बसताना ती म्हणाली, "घरी जा, पूर्ण भिजलायस." मी वर आलो तेव्हा आमची पावलं अर्धी बुजली होती. मला राग आला होता. कोणावर, ते सांगता आलं नसतं.

पेशंट वाचला, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि पाणी ड्राइव्हवेवरूनच खाली धावलं. खोल चाकोऱ्या पडल्या, खडी वाहून रस्त्यावर गेली, खाली रस्त्यालगतची पाणी जायची मोरी गाळाने बंद झाली. मी दोन आठवडे फावड्याने आणि एकचाकी गाडीने खडी भरत होतो. मग एका संध्याकाळी पाऊस पडला आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

"आपल्याला ट्रॅक्टर लागणार," मी जेवताना म्हटलं. "छोटा. उन्हाळ्यात माती-खडी सारायला, हिवाळ्यात बर्फ काढायला."

"घे," ती म्हणाली.

मी वाद घालायच्या तयारीने बसलो होतो. इतकं पटकन उत्तर आल्यावर मलाच कसंतरी झालं. पगार तिचा होता.

त्या दिवसापासून ट्रॅक्टर निवडणं हे माझं काम झालं. तालुक्याच्या गावात दोन डीलर होते, एकाचे ट्रॅक्टर नारिंगी, दुसऱ्याचे हिरवे, आणि दीड तासावर तिसरा, निळ्यांचा. मी प्रत्येकाचे कॅटलॉग आणले. इंटरनेटवर ट्रॅक्टरवाल्यांचे फोरम वाचले. एक्सेलमध्ये तक्ता केला. इंजिनची ताकद, वजन, पुढच्या लोडरचं बकेट किती उचलतं, टायर कुठले. गिअरचा घ्यायचा की हायड्रोस्टॅटिक, ज्यात क्लच नसतो, नुसतं पेडल दाबलं की पुढे आणि उलटं दाबलं की मागे. केबिन हवी की उघडा चालेल. तक्त्यात रोज एक रकाना वाढत होता. प्लेनोजवळच्या फ्रिस्कोतल्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "यार, तू साधा हाताने ढकलायचा, बर्फ उडवणारा स्नोब्लोअर घे ना. इतकं काय त्यात?" त्यानंतर मी त्याला महिनाभर फोन केला नाही.

दर मंगळवारी मी नारिंगीवाल्याकडे आणि गुरुवारी हिरव्यावाल्याकडे जायचो. तिथे कॉफी असायची आणि माणसं असायची. एकदा नारिंगीवाल्याने विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी म्हटलं, "इंजिनिअर आहे." ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "मग आमच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला या की. कॅटलॉग तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे." मी हसलो. घरी येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बराच वेळ बसून राहिलो.

ऑगस्ट उजाडला तरी ट्रॅक्टर आला नव्हता. एका रविवारी मी बायकोला नवीन रकाना दाखवत होतो. तिने वर बघितलं.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तू ट्रॅक्टर निवडतोयस की दिवस घालवतोयस?"

मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर गेलो. ती बरोबर होती, म्हणूनच जास्त लागलं. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

रस्त्यापलीकडे एक फिनिश वंशाचे म्हातारे गृहस्थ राहत. तांब्याच्या खाणीत काम केलेले. आम्ही आपसात त्यांना आजोबा म्हणायचो. त्यांच्याकडे चाळीस वर्षं जुना, गिअरचा, अरुंद असा ट्रॅक्टर होता, पुढे घरीच बसवलेला लोडर. त्या आठवड्यात ते आमच्या मोरीपाशी उभे राहून गाळ बघत होते. मी भेटायला गेलो.

"उन्हाळाभर डीलरकडे जाताना दिसतोस," ते म्हणाले. "कधी चालवलायस?"

"नाही."

"मग माझा घे. ही खडी वर नेऊन टाक. मग ठरव."

पहिल्या तासात मी तो सात-आठ वेळा बंद पाडला. दुसऱ्या तासात हात बसला आणि मला भलताच उत्साह आला. बकेट खडीने भरलं, छातीइतकं वर उचललं आणि चढ वाचवायला म्हणून उतारावरून आडवा निघालो. एका ठिकाणी पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि चढाकडचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. ते मला दिसलं नाही, सीटखाली जाणवलं. आजोबा ओरडले नाहीत. ते जवळ येत शांतपणे म्हणाले, "खाली. बकेट खाली." माझा हात कुठल्या दांड्यावर गेला ते आजही आठवत नाही, पण बकेट धाडकन खाली आलं आणि चाक टेकलं. मी इंजिन बंद करून उतरलो.

"ओझं जमिनीलगत ठेवायचं," ते म्हणाले. "आणि उतारावर सरळ जायचं, वर किंवा खाली. आडवं नाही." मग थोड्या वेळाने, "माझा भाऊ असाच गेला."

आम्ही त्यांच्या पायरीवर बसलो. त्यांच्या बायकोने वेलदोडा घातलेला गोड ब्रेड आणला. मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर कुठला घेतला असता? त्यांनी रंगाचं नावच काढलं नाही. म्हणाले, जड घे, बसका घे, मागच्या टायरमध्ये मिठाचं, न गोठणारं पाणी भरून घे, म्हणजे बूड जमिनीला चिकटून राहील. तुझ्या चढावर क्लच सांभाळत बसू नकोस, पेडलवाला घे. "आणि बर्फाचा ब्लोअर मागे लावून उलटं चालवायचं म्हणत असशील तर दुकानात त्याच्यावर बस, मान वळवून मागे बघत दहा मिनिटं बस. मग बोल."

मी खरंच बसलो. नारिंगीवाल्याच्या शोरूममध्ये, घड्याळ लावून. सेल्समन आधी बोलत होता, मग गप्प झाला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. सहाव्या मिनिटाला मान भरून आली. आमच्या ड्राइव्हवेला तासभर तरी लागणार होता, आणि हिवाळा तिथे पाच महिन्यांचा.

मग फार वेळ लागला नाही. मधल्या आकाराचा, हायड्रोस्टॅटिक, चारही चाकांनी ओढणारा, टायरमध्ये पाणी भरलेला. हिवाळ्यात पुढे ब्लोअर लावायचा आणि लोडर काढून ठेवायचा, वसंतात उलट. अदलाबदलीला अर्धा दिवस जातो, पण अर्धा दिवस माझ्याकडे होता. केबिन घेतली नाही. ती परवडली असती, पण तिच्या पैशाने मी उबेत बसावं हे मला नको होतं. बायको म्हणाली, "हा मूर्खपणा आहे." तो होताच. फेब्रुवारीत माझ्या गालावर थंडीने चट्टा पडला आणि तिनेच त्यावर मलम लावलं.

पण ती रोज साडेसहाला निघायची. मी पाचला सुरू करायचो. ब्लोअरमधून बर्फाची कमान झाडांवर पडायची, आणि ती निघेपर्यंत रस्ता खालपर्यंत मोकळा झालेला असायचा. ती जाताना काच खाली करून काहीतरी म्हणायची. इंजिनमुळे ऐकू यायचं नाही. आठ वाजता सगळं आटोपलेलं असायचं आणि पुढे अख्खा दिवस. रिकामपणाची घालमेल ट्रॅक्टरने गेली नाही. मग मी आजोबांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायला लागलो, नंतर त्यांच्या पुढच्या घरासमोरचं. हॉस्पिटलच्या मॅनेजरने त्यांच्या मागच्या पार्किंगचं काम पगारावर देऊ केलं. मी सांगितलं, मला पगार घेता येत नाही. त्याला ते समजायला जरा वेळ लागला. मला तर समजूनही पचत नव्हतं. उन्हाळ्यात मात्र मी ड्राइव्हवे नीट केला. मधोमध उंच, दोन्हीकडे उतरता, कडेला चर. पुढच्या एप्रिलमध्ये पाणी चरातून गेलं. ते बघायला मी पावसात बाहेर उभा राहिलो.

तिची तीन वर्षं संपली आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या ग्रीन कार्डच्या अर्जावर माझं वर्क परमिट आलं. शिकागोजवळ तिला हॉस्पिटल मिळालं, मला एक बरी नोकरी. घर विकलं. ट्रॅक्टरची जाहिरात दिली, तर शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. शनिवारी येते म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी ट्रॅक्टर धूत होतो. बायको हॉस्पिटलमधून आली आणि जवळ येऊन उभी राहिली.

"मला एकदा चालवायचा होता," ती म्हणाली.

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तो तुझाच होता ना."

मी तिला वर बसवलं. पट्टा बांधला, पेडल दाखवलं, बकेट खाली ठेवायला सांगितलं. ती हॉस्पिटलच्या बुटांनिशी बसली आणि अगदी सावकाश खाली निघाली. मी बाजूने चालत होतो. बकेट तिने जरा जास्तच खाली धरलं होतं, त्यामुळे मी केलेल्या ड्राइव्हवेत लांबलचक ओरखडा पडत गेला. खालच्या रस्त्यापाशी तिने थांबून विचारलं, "वळवायचा कसा?" मी सांगितलं. परत येताना ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, ओठ दातांत धरून.

शनिवारी त्या बाई आल्या. त्यांनी तेल बघितलं, टायरला लाथ मारली, एक फेरी मारली आणि पंधरा मिनिटांत घेतला. माझा तक्ता मी प्रिंट करून ठेवला होता. तो त्यांनी घडी करून, न वाचता, खिशात घातला.